भिंतीपलीकडचा गडी

कॉलरला इस्त्री लागून पिवळा डाग पडला, तर कुठलाही इस्त्रीवाला घडी अशी घालतो की डाग आत जातो. मावशी घडी उलटी घालतात. डाग वर. गिऱ्हाईक आलं की त्यावर बोट ठेवतात.

"हा माझा. तुम्ही दिलात तेव्हा नव्हता."

"अहो मावशी, मला दिसलाही नसता."

"तुम्हाला नसता दिसला. मला दिसलाय ना. कबूल."

गिऱ्हाइकाच्या चुकाही त्या तितक्याच सढळ हाताने वाटतात. "बटण मी नाही तोडलं. पोटाला विचारा." दुकानाच्या तोंडाशी खुर्ची टाकून त्यांचे यजमान पेपर वाचत बसलेले असतात. सगळी गल्ली त्यांना काका म्हणते. जन्मभर ट्रक चालवला, आता खुर्ची चालवतात. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "हिला साबणाच्या जाहिरातीत घेतलं असतं तर कंपनी बुडाली असती."

गल्लीत त्यांचं नावच कबूलमावशी पडलं. हा शब्द त्यांच्या तोंडी कुठून आला, हे कोणी कधी विचारलं नाही. काकांनीही नाही. बायको अशीच असते, असं धरून त्यांनी संसार केला.

विचारलं ते ग्रंथालयातल्या मुलीने. तीही दुसरंच काही विचारायला आली होती.

मुलगी साहित्यात एम.ए. झालेली. शिकून बरेच दिवस घरी बसली, मग ग्रंथालयाने एक काम काढलं ते तिला मिळालं. गावातली माणसं लहानपणी काय खेळायची ते विचारायचं आणि त्यांच्याच आवाजात टिपून ठेवायचं. वाचनकक्षाच्या कोपऱ्यात त्यासाठी एक टेबल मांडलं होतं. त्यावर कानाला लावायचे हेडफोन. कोणीही यावं, बसावं, ऐकावं.

"म्हणजे म्हाताऱ्यांना विचारायचं, तुम्ही गोट्या कशा खेळायचात?" काका म्हणाले. "आणि याला नोकरी म्हणतात?"

"हो, काका."

"मग माझं घे. गोट्यांत मी कधी हरलो नाही."

"हरायचे," आतून मावशी. "भावोजींनी सांगितलंय मला."

मुलीने काकांच्या गोट्या टिपल्या. मग ती मावशींकडे वळली. मावशी शर्टाच्या बाहीत बोट घालून सुरकुती काढत होत्या.

"मी कुठली खेळते? मी कपडे राखायचे."

मुलीने रेकॉर्डर पिशवीत ठेवला.

पण तिचे कुडते याच दुकानात यायचे, त्यामुळे तीही यायची. एकदा दुपारी, गिऱ्हाईक नसताना, चादरीवर इस्त्री फिरवता फिरवता मावशी आपण होऊन म्हणाल्या, "एक होता. पण त्याला खेळ म्हणायचं का, ते तू ठरव." मुलीने रेकॉर्डर काढून सुरू केला.

मावशींची आई धुलाईखान्यात कामाला होती. दवाखान्यांच्या, खानावळींच्या, मोठ्या हॉटेलांच्या चादरी तिथे येत. मागे वाळवणाचं आवार. या टोकापासून त्या टोकापर्यंत तारा, तारांवर पांढऱ्या चादरी. आई आत भट्टीपाशी, पोर बाहेर तारांपाशी. चिमटा सुटला तर लावायचा, वारा आला तर चादर धरायची, पक्षी बसला तर हाकलायचा. शाळा सकाळची. दुपार सगळी चादरींची. भाऊ नाही, बहीण नाही. बोलायला चिमटे.

आवाराच्या मागे विटांची भिंत होती, दोन पुरुष उंच. पलीकडे कुठल्याशा खात्याची क्वार्टर्स. तिकडे जायचं तर मोठ्या रस्त्याने लांबचा वळसा. तेवढ्या वेळात वारा काय थांबून राहणार होता?

एका दुपारी त्या भिंतीवरून चेंडू आला. चिंध्यांचा, वर सायकलच्या ट्यूबची रिंगणं चढवलेली. चादरीवर आपटला. पोरीने आधी चादर झटकली, मग चेंडू उचलला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून परत फेकला.

पलीकडून बारीक आवाज आला. "झेलला!"

पोर तारेखाली उभीच राहिली. तिच्या हातून सुटलेली वस्तू कोणाच्या तरी हातात पोचली होती, आणि त्या कोणाला तरी त्याचा आनंद झाला होता. असं तिच्या बाबतीत याआधी झालं नव्हतं.

चेंडू पुन्हा आला. तिने झेलला आणि तीही म्हणाली, "झेलला." मग तिकडून. मग इकडून. मग तिच्या हातून सुटला. आता काय म्हणावं? ती गप्प राहिली. तिकडूनही काही नाही. शेवटी तीच म्हणाली, "पडला."

तिकडून उत्तर आलं, "पडला तर कबूल म्हणायचं."

झाला खेळ तयार. झेलला तर झेलला, पडला तर कबूल. कबूल म्हटलं की समोरच्याचा एक. दोन्ही बाजूंना खाली माती होती आणि मातीत चिंध्यांचा चेंडू पडला तर आवाज होत नाही. पलीकडे काय झालं ते पलीकडच्यालाच ठाऊक. तो म्हणेल ते खरं.

"फसवता आलं असतं," मुलगी म्हणाली.

"आलं असतं. पण मग खेळायचं काय?" मावशींनी चादरीची बाजू पालटली.

नाव का नाही विचारलं, गप्पा का नाही मारल्या, हेही मुलीने विचारलं. त्याला कारण होतं. पहिल्याच दिवशी तिकडून एक लांबलचक "शूऽऽ" आलं होतं. का, ते कळलं नाही. इकडेही मुकादम दुपारचा चादरींच्या सावलीत आडवा व्हायचा. त्याची झोप मोडली की कान लाल. तेव्हा शब्द दोनच, तेही दबक्या आवाजात. पलीकडे मुलगा आहे की मुलगी, तेसुद्धा कळलं नाही.

बाकी सगळं मात्र पोरीने ओळखलं होतं. चेंडू कधी असा सणसणीत यायचा की तळहात झणझणायचे. म्हणजे आज स्वारी घुश्श्यात. कधी उंच, सावकाश, लाडात आल्यासारखा. म्हणजे खुशीत. कधी भलत्याच तारेकडे. म्हणजे आज लक्ष नाही, घरी काहीतरी बिनसलंय. एकाच गड्याचे किती रंग! हळूहळू तिने त्याला चेहरा दिला. केस दिले. समोरचा एक दात पडलेला दिला. संध्याकाळी घरी जाताना ती आईला सांगायची, "आज तो रागावला होता."

"कोण तो?"

"माझा गडी."

"बरं," आई म्हणायची. भट्टीपुढे उभं राहून तिचं बोलणं वाफेबरोबर गेलेलं असायचं.

आणि हा गडी हरायचा. झेलला, झेलला, झेलला, आणि मग एकाएकी कबूल, कबूल, कबूल. पण म्हणताना कुरकुर नाही. हरल्याचं सांगण्यातही त्याला मजा येत असावी, असं वाटायचं. पोरीला जिंकण्यापेक्षा तो शब्द ऐकायला आवडायला लागलं.

मग एका दुपारी तिने चेंडू टाकला आणि काहीच आलं नाही. झेलला नाही, कबूल नाही. चेंडूही नाही.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीला कान लावून उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही. एक खडा टाकून पाहिला. त्या नादात वाऱ्याने एक चादर तारेवरून उचलली आणि रस्त्यावर नेऊन टाकली. वरून गाडी गेली. मुकादम आईला बोलला, आणि आईने ते सगळं पोरीच्या पाठीवर उतरवलं. तरी पोर भिंतीपाशी जायची ती जायचीच. किती दिवस, हे मावशींनी सांगितलं नाही. "बरेच," एवढंच म्हणाल्या.

पुढे धुलाईखाना मोडला. भिंतही गेली. मावशींचं लग्न झालं. नवरा सदा ट्रकवर, म्हणून त्यांनी इस्त्रीचं दुकान टाकलं. मुलं झाली, शिकली, आपापल्या वाटेने गेली. जे सगळ्यांच्या वाट्याला येतं ते सगळं आलं. फक्त हातातून काही निसटलं, कप म्हणा, चमचा म्हणा, तर तोंडातून आपोआप निघायचं, "कबूल." आणि मग त्या क्षणभर कान देऊन उभ्या राहायच्या.

काकांचा पेपर मांडीवर आला होता.

"म्हणजे माझ्या आधी एक होता म्हण की."

"होता."

"नाव काय त्याचं?"

"तेच तर," मावशी म्हणाल्या.

मुलगी जायला उठली, तेव्हा मावशींनी तिच्या कुडत्यांची पिशवी पुढे केली, पण हातातून सोडली नाही. "अगं, तुझ्या त्या टेबलाशी लोक येऊन बसतात ना? कोणी ऐकून ओळखलं तर सांगशील मला? कोण होतं, एवढंच कळायला हवंय. आणि त्या दिवशी चेंडू परत का नाही आला. बाकी काही नको."

ग्रंथालयाच्या मुख्य बाईंना ते रेकॉर्डिंग आवडलं. पण खेळ दिसायलाही हवा, असं त्या म्हणाल्या. म्हणून एका सकाळी मुलगी मोबाइल घेऊन आली आणि तिघं गच्चीवर गेली. गच्चीवर पाण्याच्या टाकीची आडवी भिंत होती. काकांना पलीकडे उभं केलं. मावशींनी आदल्या दिवशी जुने मोजे गुंडाळून चेंडू केला होता.

"पडला तर कबूल म्हणायचं. समजलं ना?"

"मला शिकवू नकोस. मी घाटातून ट्रक काढलाय."

मावशींनी चेंडू टाकला. पलीकडे टप, टप, टप असा आवाज झाला आणि तो टाकीच्या नळापाशी जाऊन थांबल्याचंही ऐकू आलं.

"झेलला!" काका गरजले.

"अहो! ऐकू येतंय मला."

"मग विचारतेस कशाला?"

पुन्हा टाकला. पुन्हा टप, टप. पुन्हा "झेलला!" मुलीला हसू आवरेना, मोबाइल हलायला लागला. मावशीही हसल्या. पण मग हसता हसता त्या भिंतीपाशी गेल्या, तिच्यावर तळहात टेकला आणि तशाच राहिल्या. काका पलीकडून विचारत होते, आता टाकू का, आता टाकू का. मुलीने चित्रण थांबवलं.

"खेळ हाच आहे," खाली उतरताना मावशी म्हणाल्या. "पण हा तो नव्हे."

बरेच आठवडे तसेच गेले. मुलगी आली की मावशी तिच्याकडे आधी बघायच्या आणि मग कपड्यांकडे. मुलगी मान हलवायची. नाही. काही नाही.

मग एक दिवस ती आली ती एका गृहस्थांना घेऊन. उंच, वाकलेले, हातात कागदी पिशवी. पिशवीतून त्यांनी एक शर्ट काढून फळीवर ठेवला.

"हा इस्त्री केलेलाच आहे," मावशी म्हणाल्या.

"हो. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून घरी जाऊन आणला."

काकांनी त्यांना ओळखलं. "मास्तर! अहो, यांनी अर्ध्या गावाला मोटार शिकवली. म्हणून तर आम्ही ट्रक जपून चालवायचो."

मास्तर बाकावर टेकले. रस्त्यावरून सायकल गेली तसा त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बसून लागलेली खोड. ते रोज ग्रंथालयात पेपर वाचायला यायचे. त्या दिवशी पेपर दुसऱ्याच्या हातात होता, म्हणून कानाला हेडफोन लावून बसले होते.

"ते झेलला, कबूल," मास्तर म्हणाले. "ते धुलाईखान्याच्या भिंतीचं. तो आवाज तुमचा का?"

मावशींनी इस्त्री उभी केली. बटण बंद केलं. पदराने हात पुसले. "तुम्ही?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही सगळे. तीन भाऊ, मोठी ताई आणि तिच्या कडेवर धाकटी. रांग लावायचो हो भिंतीपाशी! पाळीपाळीने. मधला जोरात टाकायचा, त्याचा हातच तसा. लहान्याचा भलतीकडेच जायचा. मी आपला उंच, सावकाश. वडील रात्रपाळी करून दुपारी झोपलेले असायचे. आवाज झाला की पट्टा. म्हणून ते शूऽऽ." मास्तरांचा चेहरा फुलला होता. "काय दिवस होते! पलीकडे कोण आहे, यावर आमची भांडणं व्हायची. लहाना म्हणायचा, भूत आहे. भुताचा नेम चांगला असतो म्हणे."

मावशी खुर्चीवर बसल्या. काकांनी ती रिकामी केव्हा केली, ते कोणाला कळलं नाही.

"मग घुश्श्यात कोण असायचं?" त्यांनी विचारलं.

"घुश्श्यात? कोणी नाही."

"आणि घरी काही झालं असलं की?"

मास्तरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी खाली बघत होती. तिने ते रेकॉर्डिंग कितीदा तरी ऐकलं होतं. चेहरा, केस, पडलेला दात, सगळं तिला पाठ होतं. आता ते एकेक करून तीन भावांत वाटलं जात होतं, आणि कोणाच्याच वाट्याला नीट येत नव्हतं.

मावशींनी खुर्ची बाकाजवळ ओढली. मग म्हणाल्या, "कबूल कोण म्हणायचं?"

"कबूल?" मास्तर हसायला लागले. "आम्ही कशाला म्हणतोय! पडला तरी झेलला! पलीकडून कोण बघतंय?"

"ऐक!" काका म्हणाले. "मी एकटाच नाही." पण मावशींकडे पाहून त्यांनी पुढचं गिळलं.

"मी ऐकलंय," मावशी म्हणाल्या. "रोज ऐकलंय. कितीतरी वेळा."

मास्तर थांबले. त्यांचा पाय पुन्हा जमिनीवर दाबला गेला, समोर काही नसताना. "मग ती ताईच. दुसरं कोण? ती एकटीच म्हणायची. आम्ही चिडायचो, हरवतेस काय आम्हाला म्हणून. तिच्या हातून सारखा पडायचाच. धाकटी कडेवर ना! एका हाताने झेलणार तरी किती? नियम काढला तोही तिनेच."

"ताई आहेत?"

"आहे की. मुलाकडे असते, लांब. गुडघ्यांनी बेजार आहे, बाकी ठणठणीत."

"आणि चेंडू? शेवटचा?"

"चेंडूचं काय माहीत बुवा. वडिलांची बदली झाली. टेम्पो आला, सामान भरलं, निघालो. तुम्ही टाकला असेल नंतर. पडला असेल रिकाम्या अंगणात." मास्तर उठले. "उद्या लावू या फोन ताईला. आज मी तिला जरा सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मावशींनी दुपारी दुकान अर्धं ओढून घेतलं. स्वतःच्या साडीला इस्त्री केली. ही गोष्ट काकांनी क्वचितच पाहिली होती.

"फोनवर बोलायला इस्त्रीची साडी लागते?"

"लागते."

मास्तर आले, मुलगीही आली. मास्तरांनी फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. घंटा वाजत राहिली. मावशी टेबलाची कड धरून उभ्या होत्या.

"हॅलो? कोण, त्याच का?" आवाज म्हातारा, दमलेला. "अहो, आठवतं ना! सगळं आठवतं. ती भिंत, तो चेंडू! किती खेळायचो आपण!"

मावशींच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी हललं. "चेंडू आठवतो?"

"न आठवायला काय झालं? लाल, रबराचा."

मास्तर मान डोलावून, हात हलवून मावशींना खुणावत होते. हो म्हणा. नुसतं हो म्हणा. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच गोड झालं असतं.

"ताई," मावशी म्हणाल्या, "नसेल आठवत तर नाही म्हणा. मला चालेल."

तिकडे कोणीतरी नळ सोडला. भांडं आपटलं. नळ बंद झाला.

"नाही आठवत," ताई म्हणाल्या. "भाऊ म्हणाला, त्या बाई वाट बघतायत, हो म्हण. म्हणून म्हटलं. मला भिंतसुद्धा आठवत नाही हो."

मास्तरांनी छताकडे पाहिलं. मावशींनी मात्र त्यांच्या बाहीला धरलं आणि फोनकडे बोट दाखवलं. हाच, असं त्यांच्या ओठांनी म्हटलं. हाच तो.

"रागावलात का?" फोनमधून आलं.

"नाही. बोला ना."

"त्या घरातलं बाकी सगळं आठवतं मला. पाण्याच्या बादल्या. धाकटीचा कान फुटायचा, ती माझ्याच अंगावर झोपायची. यांचे डबे, यांच्या चड्ड्यांची बटणं. पण खेळल्याचं काही म्हणजे काही नाही. नातवंडं विचारतात, आजी, तू काय खेळायचीस? मी सांगते, आम्हाला कुठलं खेळणं, आम्ही पोरं राखायचो." ताई थांबल्या. "मी खरंच खेळायचे?"

"खेळायचात."

"कधी? वेळ कुठे असायचा?"

"रोज दुपारी."

"बाई गं," ताई म्हणाल्या. आणि जरा वेळाने, जरा लाजून, "कशी खेळायचे मी? चांगली?"

काकांनी डोळे मिटून घेतले. आपली बायको काय म्हणणार, हे त्यांना ठाऊक होतं.

"छे," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांत वाईट."

तिकडून आधी काहीच आलं नाही. मग हसू आलं. खोकल्यात सापडलेलं, सुटलेलं, पुन्हा सापडलेलं. मागे कोणीतरी विचारलं, कोणाचा फोन आहे, आणि ताई त्या कोणाला तरी म्हणाल्या, "थांब गं, कामाचं बोलतेय. मी लहानपणी खेळायचे ना, त्यांचा आहे."

मग त्या म्हणाल्या, "सांगा की. काय काय करायचे मी?"

मावशी सांगायला लागल्या. फोन हातात घेऊन खाली पायरीवर बसल्या, इस्त्रीच्या साडीची पर्वा न करता. तारा, चादरी, झोपलेला मुकादम. चिंध्यांचा चेंडू, त्यावरची रिंगणं. ताईंचा आवाज कसा यायचा, कुठल्या बाजूने यायचा. ताई मधेमधे विचारत होत्या, मग? मग? त्यांना सगळं हवं होतं. ऊन होतं का? मी हसायचे का? धाकटी रडायची का? ते इकडे ऐकू यायचं नाही, असं मावशी म्हणाल्या, तर ताईंना बरं वाटलं. एक गिऱ्हाईक शर्ट-पँट घेऊन आलं. काकांनी त्याला हातानेच परत पाठवलं. मुलगी कोपऱ्यात उभी होती. तिचा रेकॉर्डर पिशवीतच होता.

"आणि आम्ही गेलो त्या दिवशी?" ताईंनी विचारलं. "त्या दिवशी टाकला होतात चेंडू?"

"टाकला होता."

"आणि मी नव्हते."

"नव्हतात."

"मग काय केलंत हो तुम्ही? वाट बघत बसलात?"

मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. रस्त्यावर ऊन होतं. समोरच्या गॅलरीत कोणाचे तरी कपडे वाळत होते.

"छे हो," त्या म्हणाल्या. "इतके कपडे होते वाळत. गेले मी कपड्यांकडे."

"बरं झालं," ताई म्हणाल्या. "बरं झालं बाई. मला उगाच वाटून गेलं."